शाई फिरवायची राहून गेली

"भिंगरी आत आहे ना, ताई? नुसतं लांबून बघू द्या. मी बोलणार नाही तिच्याशी."

बासष्ट वर्षं झाली या आवाजाला. बारा वर्षांच्या मुलीचा आवाज, थोडा घोगरा, उन्हातून चालून कोरडा पडलेला. तो खिडकीच्या गजांतून आत आला आणि माझ्या उघड्या पानावर पडला. पानावर शाई सांडली तर टिपकागदानं टिपून घेता येते. पानावर पडलेला आवाज तसा शोषून घ्यायला कुणी काही बनवलेलं नाही. म्हणून तो अजून माझ्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुनी दाखल-वही आहे, एका बालगृहाची. ज्यांना सांभाळायला घरी कुणी नाही असं मोठी माणसं ठरवत, ती मुलं तिथं आणून सोडली जात, आणि आल्या आल्या प्रत्येकाची माझ्यात नोंद होई. एका मुलाला एक पान. माझी पानं तीनशे, म्हणजे माझ्या पोटात तीनशे मुलं आहेत. मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. वह्यांनी गप्प पडून राहावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी साठ वर्षं गप्प पडून राहिले. त्यातून कुणाचं काय भलं झालं, ते ऐका.

माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची, त्यामुळे बाइंडर जन्मभर वाकूनच राहिला. पण त्याचा हात सरळ होता. त्यानं माझे कागद घड्या घालून रचले, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवले, पाठीला खळ चोपडून जाड कापड चढवलं आणि वर वजन ठेवून मला दोन दिवस निजवलं. त्याच्या बायकोनं विचारलं की एवढा वेळ एका वहीला कशाला. तो म्हणाला, पोरांची वही आहे, म्हणून दोन टाके जास्त घातलेत. त्या दोन टाक्यांच्या जिवावर मी आज तुमच्याशी बोलते आहे. माझ्यावर ज्यांनी उपकार केले त्यांची यादी फार छोटी आहे. तिच्यात पहिला तो.

बालगृहाच्या कचेरीला एकच खिडकी होती, फाटकाकडे तोंड केलेली. खिडकीखाली उतरतं मेज आणि त्यावर मी. माझ्यावर लिहिणारी बाई बावीस वर्षांची होती. सारखी दौतीत टाक बुडवून लिहायची, म्हणून मुलांनी तिचं नाव टाकबाई पाडलं होतं. तिचं अक्षर असं की पंगतीला बसलेली मुलं वाटावीत, सगळ्यांचे पाय एका रेषेत. नवं मूल आलं की ती आधी त्याला पाण्याचा पेला द्यायची आणि मग लिहायला बसायची. क्रमांक, नाव, वय. सोबत काय आणलं. नातेवाईक कोण. भेटायला कोण आलं. शेवटी शेरा.

सोबत काय आणलं, या रकान्यात काय काय लिहिलं गेलं म्हणून सांगू. एक चमचा. एकाच पायातला बूट. मूठभर काचेच्या गोट्या. एका मुलानं मूठ उघडलीच नाही, तर टाकबाईनं लिहिलं, "उजव्या मुठीत काहीतरी आहे, स्वतः दाखवील तेव्हा नोंद करू." त्या पानावर मला अजून अभिमान आहे.

पण क्रमांकाचा मला संताप येई. माझं जे पान, तोच मुलाचा क्रमांक. तो लाल दोऱ्यानं त्याच्या कॉलरवर शिवला जाई. घरचं नाव दुसऱ्या कुणाशी जुळत असेल तर बदललं जाई, आणि पुढे बदललेलंही कुणी वापरत नसे. जेवायला, अंघोळीला, शिक्षेला हाक एकच, आकड्याची. मित्रांनो, आकडे पानांसाठी असतात. माझ्या कोपऱ्यातले आकडे उचलून पोरांच्या मानेवर शिवायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे सारं मोठ्या साहेबांच्या हुकमानं चाले. ते बालगृहाचे अधीक्षक. आधी बूट ऐकू येत, मग साहेब दिसत. माझ्याबाबतीत त्यांनी एक रीत घालून दिली होती. सगळ्या नोंदी आधी शिसपेन्सिलीनं करायच्या. शनिवारी साहेब वही पाहणार. ज्या नोंदीसमोर त्यांची बारीक खूण पडेल तिच्यावर टाकबाईनं शाई फिरवायची. खूण पडली नाही ती नोंद खोडायची. शाईतलं तेवढं खरं, बाकी सगळं घडलंच नाही असं समजायचं.

आणि एका रकान्यासमोर साहेबांची खूण कधीच पडत नसे, तो म्हणजे भेटींचा. कारण सरळ होतं. ते बालगृह निराधार मुलांसाठी होतं. ज्याला भेटायला माणसं येतात तो निराधार कसा? त्याला घरी पाठवण्याचा विचार करावा लागेल, चौकशी होईल, खाट रिकामी पडेल, आणि वर्षाच्या अहवालात साहेबांनी किती निराधारांना आसरा दिला तो आकडा उतरेल. शिवाय साहेबांचं ठाम मत होतं की माणसं भेटली की मुलं रडतात आणि रडली की रुळत नाहीत. म्हणून रकान्यात एकच शब्द शाईत बसे, "निरंक". म्हणजे काही नाही, कुणी नाही. माझ्या तीनशेपैकी दोनशे सत्त्याऐंशी पानांवर हा शब्द आहे. एवढा खोटारडा शब्द इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेला तुम्ही कुठं पाहिला नसेल.

टाकबाईला हे पटत नव्हतं. ती एवढंच करी की खोडायचं नाटक करी. शनिवारी संध्याकाळी रबर हातात धरून मेजावर घासायची, साहेबांना आवाज जायला हवा म्हणून. भेटींच्या नोंदी मात्र ती इतक्या हलक्या हातानं लिहायची की पान सरळ धरलं तर दिसूच नयेत. मग माझ्यावर हात ठेवून पुटपुटायची, "दिवस बदलले की सगळ्यावर शाई फिरवीन." दिवस काही आपणहून बदलत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नसावं. मी सांगितलं असतं. पण मला तोंड नाही, नुसती पानं आहेत.

आता पान एकशे बेचाळीस.

त्या दिवशी दोन बहिणी आल्या. धाकटी चार वर्षांची, थोरली बारा. आई रुग्णालयातून परत आली नव्हती आणि येणारही नव्हती. थोरलीनं धाकटीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. बालगृहात दहा वर्षांच्या आतलीच मुलं घेत. थोरलीला दूरच्या मावशीकडे जायला सांगितलं. मावशी कपडे धुण्याच्या कारखान्यात होती, तिथंच थोरलीही लागणार होती. टाकबाईनं नाव विचारलं तर थोरली म्हणाली, हिचं खरं नाव वेगळं आहे पण आम्ही हिला भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. खरोखरच ती तेवढ्यात मेजाभोवती तीन फेऱ्या मारून आली होती. सोबत काय आणलं? फ्रॉक एक. चपला नाहीत.

साहेबांना नाव आवडलं नाही. त्यांनी नवं दिलं. घरचं शाईत आलंच नाही.

कारखान्याला सोमवारी सुट्टी असे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी थोरली यायची. दोन तास चालत. फाटक कधी उघडलं नाही, म्हणून ती कुंपणाच्या कडेनं खिडकीखाली येऊन उभी राहायची. हात साबणाच्या पाण्यानं सोललेले, केसांना वाफेचा वास. पहिल्या वेळी ती काय म्हणाली ते मी सुरुवातीलाच सांगितलं. टाकबाईनं सांगितलं की परवानगी नाही. पुढच्या महिन्यात तेच विचारलं, तेच सांगितलं. पाचव्या महिन्यात थोरलीनं विचारणं सोडलं. ती नुसती खिडकीशी उभी राहिली आणि गाऊ लागली. मोठ्यानं नाही, पण मागच्या अंगणापर्यंत पोचेल इतपत.

ये ग भिंगरी भिंगरी, तुझा धागा माझ्या हाती
फीर दूर दूर तरी, फेर माझ्याच भोवती

मागच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज थांबला. मित्रांनो, मी वही आहे, मला काळीज नाही. पण त्या क्षणी माझी शिवण ताणली गेली, हे खोटं नाही. टाकबाईनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, "थोरली बहीण आली. आत सोडली नाही. खिडकीशी गाणं म्हटलं." आणि खाली त्या दोन ओळी. मग पुन्हा रबर घेऊन मेज घासत बसली.

अशी थोरली एकेचाळीस वेळा आली. एकेचाळीस ओळी माझ्यावर आहेत. एका महिन्यात तिला ताप होता, तरी आली. एका महिन्यात पायात काच गेली होती, तरी आली. आत धाकटीला काय सांगितलं जात होतं? साहेब तिला समोर उभी करून सांगत, तुला कुणी नाही, आम्हीच तुझे. लहान मूल मोठ्या माणसाचं खरं मानतं. गाणं तिच्या तोंडात बसलं, पण गाणारी कोण ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. चार वर्षांच्या डोक्यात किती मावणार?

एकेचाळिसाव्या सोमवारची ओळ अर्धीच आहे. "थोरली बहीण आली." पुढे जागा कोरी. त्या दिवशी काय झालं ते मी ऐकलं आहे, पण मी सांगणार नाही. काही गोष्टी ज्याच्या तोंडातून निघाल्या त्याच्याच तोंडातून परत आल्या पाहिजेत. एवढंच सांगते, त्या दिवसानंतर टाकबाईनं त्या खिडकीची कडी पुन्हा कधी काढली नाही. घामानं बोटं पानाला चिकटायची, तरी नाही.

पुढे माझी पानं भरली. मग बालगृह दुसरीकडे गेलं, मग बंद झालं. साहेबांचा सत्कार झाला. मला मात्र पोटमाळ्यावर टाकलं. तिथं मी अठ्ठावीस वर्षं होते. कसर माझ्या कडा कुरतडत राहिली. माझ्याबरोबर आणखी दोन वह्या होत्या, माझ्याआधीच्या. एके दिवशी त्या रद्दीत गेल्या. कुण्या दुकानात त्यांच्या पुड्या झाल्या असतील. विचार करा, कुणी चणे खाऊन कागदाचा बोळा फेकला असेल आणि त्या बोळ्यावर एखाद्याच्या आईचं नाव असेल, जे त्याला साऱ्या जगात दुसरीकडे कुठं मिळालं नसतं. मी वाचले, का? तर एका कपाटाचा पाय तोकडा होता आणि माझी जाडी बरोबर तेवढी होती. तीनशे मुलांना पोटात घेऊन मी कपाटाचा पाय झाले. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा.

मग मोठ्या शहाण्या माणसांना जाग आली. सगळीकडे बोलणं सुरू झालं की बालगृहांतल्या मुलांचे कागद जपायला हवेत, त्यांना मोठेपणी आपलं बालपण कळायला हवं, तो त्यांचा हक्क आहे. कायदा झाला. मला कपाटाखालून ओढून अभिलेखागारात आणलं गेलं. अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांचं घर. फीत कापली, भाषणं झाली. एका पाहुण्यानं माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि लगेच रुमालाला हात पुसला. तरी मी खूश होते. वाटलं, आता उघडतील, वाचतील.

वाचायला कुणाला वेळ होता? स्कॅनच्या कामावर एक पर्यवेक्षक नेमले होते. कामगार त्यांना मागून घाईसाहेब म्हणत, कारण ते जांभईसुद्धा अर्धी द्यायचे. रोज अमुक इतकी पानं झाली पाहिजेत, हे त्यांचं ध्येय. त्यांनी यंत्र काळ्या-पांढऱ्यावर लावलं, म्हणजे प्रती हलक्या होतात आणि काम भरभर उरकतं. यंत्राला शाई दिसली. शिसपेन्सिल दिसली नाही. यंत्रावरच्या बाईनं पान एकशे बेचाळीसला थांबून सांगितलं की इथं काहीतरी पुसट दिसतंय. घाईसाहेब पडद्याकडे न बघताच म्हणाले, "पुसट म्हणजे डाग. डाग काढायचं बटण दिलंय ना तुम्हाला?"

बटण दाबलं गेलं. एकेचाळीस सोमवार एका बोटात गेले.

साहेबांना जे चाळीस वर्षांच्या नोकरीत जमलं नाही ते या यंत्रानं डोळ्याचं पातं लवायच्या आत करून दाखवलं. साहेबांना निदान काय लपवतो आहोत ते ठाऊक होतं. घाईसाहेबांना तेही ठाऊक नव्हतं. माझ्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवली, "प्रत झाली. मूळ वही नष्ट करावी." शुक्रवारी गाडी येणार होती, जुन्या वह्यांचा लगदा करायला.

बुधवारी एक बाई आली. सहासष्ट वर्षांची, केस पांढरे, पण चालणं असं की खुर्चीत बसायच्या आधी खोलीत दोन चकरा झाल्या. हातात एक छापील कागद. मी तिला पावलांवरून ओळखलं. माझं पान एकशे बेचाळीस.

कायद्याप्रमाणे तिनं अर्ज केला होता आणि तिला प्रत मिळाली होती. नातेवाईक, निरंक. भेटी, निरंक. तिनं घाईसाहेबांना सांगितलं की यात नवं काही नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी एकदा मूळ वही बघायची होती, हातानं लिहिलेलं. घाईसाहेब म्हणाले की प्रत मुळापेक्षा स्वच्छ आहे, वहीत नुसती धूळ आहे, तुम्हाला शिंका येतील. बाई म्हणाली, "आयुष्यभर स्वच्छच प्रत बघत आले साहेब, एकदा धूळ बघू द्या."

शेजारच्या मेजावर एक बाई फाटक्या नकाशाला पातळ कागदाचं ठिगळ लावत होती. जुन्या कागदांची दुरुस्ती हे तिचं काम, म्हणून तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. तिनं खळीचे हात पुसले, नष्ट करायच्या ढिगातून मला काढलं आणि म्हणाली, या मावशी, इथं बसा. माझ्या उपकारकर्त्यांच्या यादीतली ही दुसरी.

तिनं पान उघडलं आणि तिच्या कामाच्या सवयीनं बॅटरी पेटवून पानाच्या कडेला आडवी धरली. कागद दुखावलाय कुठं ते तिरक्या उजेडात कळतं म्हणून. आणि शिसं चकाकलं, मित्रांनो. एकेक ओळ पहाटेच्या गवतावरच्या दवासारखी वर आली. डॉक्टरीण वाचू लागली. "थोरली बहीण आली. परवानगी नाही म्हणून परत पाठवली." पुढची ओळ, पुन्हा थोरली बहीण. पुढची, पुन्हा तीच. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. मग ती गाण्यापाशी आली आणि पहिली ओळ वाचून अडली, कारण दुसरी ओळ समोरची बाई म्हणत होती. वहीकडे न बघता.

तिनं ते गाणं आपल्या मुलांना निजवताना म्हटलं होतं, नातवंडांना म्हटलं होतं. भोवऱ्याबिवऱ्याचं असेल, मीच कधीतरी रचलं असेल, असं तिला वाटायचं. डॉक्टरिणीनं पानाच्या अगदी वरच्या टोकाला उजेड नेला. तिथं बारीक अक्षरात होतं, "घरी हिला भिंगरी म्हणतात."

चकरा मारणारी बाई, पण हलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे हे गाणं नव्हतंच. मला हाक होती."

घाईसाहेबांनी तेवढ्यात आठवण केली की मेज मोकळं हवं आहे. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली की तुम्ही डाग म्हणून जे पुसलं त्याला एकेचाळीस तारखा आहेत, आता तुम्ही बसा आणि मोजा. ते बसले नाहीत. तिनं त्याच दिवशी वर लिहून कळवलं, गाडी थांबली, आणि सगळ्या वह्या पुन्हा रंगीत, तिरक्या उजेडात टिपायच्या असं ठरलं. दोनशे सत्त्याऐंशी निरंकांखाली काय काय निघालं ते सांगत बसले तर तुमची शाळा सुटेल. मामा निघाले, आज्या निघाल्या, एका मुलाचे वडील सहा वर्षं येत होते. सगळ्यांवर एकच शब्द शाईत फिरला होता. माझ्या रागाला कारण नाही असं आता म्हणून दाखवा.

भिंगरीच्या मनाला मात्र एकच गोष्ट लागून राहिली. एकेचाळीस वेळा आली, मग का थांबली? तिनं डॉक्टरिणीला सांगितलं की दमली असेल, नाद सोडला असेल, माणूस किती दिवस बंद फाटकाशी येणार. असं म्हणताना तिचा चेहरा पुन्हा चार वर्षांचा झाला. आणि मी, जिला खरं ठाऊक होतं, नुसती उघडी पडून होते. त्या वेळी मला तोंड नसल्याचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता.

डॉक्टरिणीनं कर्मचाऱ्यांच्या यादीतून टाकबाईचा माग काढला. ती जिवंत होती. चौऱ्याऐंशीची. काठी टेकत आली, जिना चढताना दोनदा थांबली. मला बघून तिनं आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जुन्या गाईवरून फिरवावा तसा. मग किती तरी वेळ इकडचं तिकडचं बोलली. तेव्हा शाई कशी कालवायची, टाकाची निबं कशी लवकर मोडायची, कागद किती चांगला होता. कुणी तिला अडवलं नाही. मग तिनं पान एकशे बेचाळीस पाहिलं आणि पर्समधून पेन काढलं. म्हणाली, यावर शाई फिरवायची राहून गेली आहे, आत्ता फिरवते. डॉक्टरिणीनं हलकेच तिचं मनगट धरलं. सांगितलं, आता काही फिरवायचं नाही आजी, आहे तसंच खरं आहे.

पेन मेजावर पडलं. टाकबाई रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

मित्रांनो, शेवटचं सांगण्याआधी तुमच्यापाशी एक मागणं मागते. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, आजीच्या ट्रंकेत माझ्यासारखी एखादी वही असेल. तिचे फोटो काढा, जरूर काढा, पण रंगीत काढा, आणि काढून झाल्यावर तिला फेकू नका. ज्याला तुम्ही डाग म्हणता तो डाग आहे की कुणाची बहीण आहे, हे आधी तिरक्या उजेडात धरून बघा. आणि काही लिहायचं असेल, सांगायचं असेल, तर दिवस बदलायची वाट बघू नका. टाकबाई वाईट नव्हती. ती फक्त उद्यावर टाकत गेली. तिचा मला फार राग आहे, आणि तिच्या हाताशिवाय मी निरंकच राहिले असते, हेही मला ठाऊक आहे. हे दोन्ही घेऊन मी जगते.

भिंगरीनं शेवटच्या, अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं. विचारलं, "बाई, या दिवशी काय झालं? ती का थांबली?"

टाकबाईनं डोळे मिटले. मला वाटलं, आताही ती म्हणेल की आठवत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कुणी दोष दिला नसता. पण ती बोलली. हळू, एकेक शब्द खाली ठेवत.

"ती थांबली नाही ग. मी थांबवली. साहेबांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच. मला तिचे ते हात बघवेनात. मी तिला म्हटलं, तुझी भिंगरी चांगल्या घरी दत्तक गेली, फार लांब, आता येऊ नकोस. ती रडेल असं वाटलं होतं. ती हसली. बरं झालं म्हणाली. तिथं तिला चपला देतील ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. आणि तू तेव्हा मागच्या अंगणात होतीस. ताटं घासत होतीस, ते गाणं म्हणत होतीस. तिच्या कानावर जाईल म्हणून मी खिडकी लावून घेतली."